वळणावरची खुर्ची

मला खुर्ची हवी होती.

वाक्य एवढंच. व्याकरणाच्या दृष्टीने निर्दोष आणि आशयाच्या दृष्टीने निरुपद्रवी. तरीही या एका वाक्याने आमच्या इमारतीची शांतता, माझी एक दाढ आणि माझी अब्रू अशा तीन गोष्टी मुळापासून हलवल्या. म्हणून आधीच खुलासा करतो. मला हवी असलेली खुर्ची म्हणजे जिला चार पाय असतात, दोन हात असतात आणि बसलं की जी करकरते ती. दुसरी एक खुर्ची असते, तिला स्वतःला पाय नसतात पण तिच्यापायी लोक एकमेकांचे पाय ओढतात. तिच्याशी माझा कधीच संबंध आला नव्हता. ऑफिसातसुद्धा माझ्या खुर्चीला हात नाहीत. हातवाली खुर्ची साहेब झाल्यावर मिळते आणि मी साहेब होण्याची वेळ शांतपणे येऊन निघून गेली आहे.

सुरुवात लिफ्टपासून झाली. लिफ्टचा एक भाग मोडला. तो बनवणारी कंपनी त्याआधीच मोडली होती. दुसऱ्या कुठल्या तरी कंपनीकडून तो भाग 'निघाला आहे' असं आमचे सेक्रेटरी भेटेल त्याला सांगत. कुठून निघाला, कसा निघाला, चालत निघाला की काय, हे त्यांनाही माहीत नव्हतं. आम्ही राहतो पाचव्या मजल्यावर. त्यामुळे पन्नाशी उलटलेल्या माणसाच्या गुडघ्यांतून किती प्रकारचे आवाज निघू शकतात याचा माझा अभ्यास त्या काळात झाला.

आता हिच्याबद्दल. ही शाळेत चित्रकला शिकवते. शिकवायची, असं म्हणायला हवं. शाळेने चित्रकलेचे तास कापले आणि हिला परीक्षा विभागात नेऊन बसवलं. तिथे ही निळ्या पेन्सिलीने गुणांच्या बेरजा तपासते. हिने तक्रार केली नाही, आणि मला तेच जास्त लागलं. लग्नानंतर पहिल्या आठवड्यात माझ्या खोलीतल्या पडद्यांच्या रंगावरून जिने दोन दिवस अबोला धरला होता, ती आता 'पडदे काय, कुठलेही चालतील' म्हणू लागली. पूर्वी स्वयंपाकघरातून हाक यायची, "अहो, इकडे या, बघा तरी!" मी धावत जायचो. हिच्या हातात अर्धा चिरलेला कोबी असायचा. "आत बघा काय नक्षी आहे." मी बघायचो. मला कोबी दिसायचा. पण हाक यायची. ती हाक यायची थांबली, आणि घरात काहीतरी बंद पडलंय हे मला लिफ्टच्या बरंच आधी कळलं होतं.

उपाय केला नाही असं नाही. हिच्या पन्नासाव्या वाढदिवसाला मी रंगांची मोठी पेटी आणि चित्रकार वापरतात ती तीन पायांची लाकडी घोडी आणली. "छान आहे," ही म्हणाली. जो माणूस सारी नोकरी विमा कंपनीत लोकांच्या नुकसानीचे दावे तपासतो, त्याला 'छान आहे'चा अर्थ कळतो. त्या घोडीवर आता टॉवेल वाळतात. टॉवेल वाळवण्यासाठी ती उत्तम आहे.

तर एका रविवारी आम्ही बाजारातून येत होतो. तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मधे जिना जिथे वळतो, तिथे ही दमून पायरीवर बसली. मी भाज्यांच्या पिशव्या घेऊन उभा राहिलो, कारण मी बसलो असतो तर उठवायला माणूस लागला असता. त्या वळणावर एक खिडकी आहे. इतकी वर्षं लिफ्टने जाताना ती आम्हाला कधी दिसलीच नव्हती. सकाळचं ऊन तिरपं आत येऊन समोरच्या भिंतीवर पडलं होतं. मी एक पिशवी खाली ठेवली. तिच्यातून कांद्याची हिरवी पात बाहेर आली आणि तिची सावली भिंतीवर उमटली. ही त्या सावलीकडे बघत राहिली. मग पर्समधून ती निळी पेन्सिल काढली आणि पावाच्या कागदी पिशवीवर काहीतरी ओढलं. चार-पाच रेघा. मला वाकून बघायचं होतं, पण मी श्वाससुद्धा बेताने घेतला. जिन्यातून कोणीतरी खोकलं. हिने पिशवी चुरगळून पर्समध्ये कोंबली आणि उठली. "चला, दूध उतू जाईल," म्हणाली. गॅसवर दूध नव्हतं.

त्या दिवशी आमटीत मीठ दोनदा पडलं. मी दोन वाट्या प्यायलो.

माझ्या मनाने घेतलं की त्या वळणावर एक खुर्ची ठेवायची. काही सांगायचं नाही, सुचवायचं नाही. हिला एखादी गोष्ट 'कर' म्हटलं की ती गोष्ट संपते, याला ती घोडी साक्षी आहे. खुर्ची आपली तिथे असेल. ही दमेल, टेकेल, आणि पुढचं ऊन बघून घेईल. माझ्या आयुष्यातल्या सगळ्या योजनांमध्ये ही सर्वांत लहान होती.

पहिली चूक मी केली ती कॅप्टनना सांगण्याची. कॅप्टन चौथ्या मजल्यावर राहतात. ते कधीही कुठल्या सैन्यात नव्हते. कॉलेजात व्हॉलीबॉलच्या संघाचे कॅप्टन होते आणि त्या पदावरून त्यांना अजून कोणी उतरवलेलं नाही. ते जिन्यात भेटले. मी म्हटलं, जागा त्यांच्या दाराजवळची, आधी त्यांच्या कानावर घालावं.

"कॅप्टन, मला खुर्ची हवी आहे."

ते थांबले. एक पाय वरच्या पायरीवर, एक खालच्या.

"अखेर बोललात," ते म्हणाले. "कधीपासून होतं मनात?"

"रविवारपासून."

"डॉक्टर काय म्हणतील?"

डॉक्टर म्हणजे दुसऱ्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर, आमच्या रहिवासी समितीचे कायमचे अध्यक्ष. परवानगी त्यांचीच लागणार, तेव्हा प्रश्न मला रास्त वाटला.

"त्यांचं काय जातंय? त्यांना बाजूने जायला वाट राहील."

"म्हणजे अपमान न करता बाजूला. वा! माणूस असा पाहिजे. बरोबर आणखी कोणी?"

"एकच पुरे. तिथे दोन मावणारच नाहीत."

"बरोबर आहे. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत."

मला ही उपमा जिन्याच्या मानाने जरा मोठी वाटली. "फक्त डुगडुगती नको," मी म्हणालो.

कॅप्टननी माझा हात दोन्ही हातांत धरला. "ते माझ्यावर सोडा. एक पाय हलू देणार नाही."

शेजारी असावेत तर असे, असं मनाशी म्हणत मी वर गेलो.

दुसऱ्या दिवशी मी रीतसर अर्ज लिहिला. 'जिन्याच्या वळणावर एक खुर्ची ठेवण्याची परवानगी मिळावी.' सेक्रेटरींचं कोपऱ्यावर औषधांचं दुकान आहे. त्यांनी अर्ज वाचला, एका गिऱ्हाइकाला खोकल्याचं औषध दिलं, पुन्हा अर्ज वाचला आणि हसले.

"काय टोमणा मारलाय! 'वळणावर' म्हणजे काळाच्या वळणावर ना?"

"जिन्याच्या. तिसऱ्या-चौथ्याच्या मधे."

"कळलं हो, दोन्ही अर्थ कळले. पण मी सेक्रेटरी, मला वरवरचाच अर्थ घ्यावा लागणार." त्यांनी नियमांची चोपडी काढली. जिन्यात ठेवण्याच्या वस्तूंत सायकलीचा नियम होता, चपलांच्या कपाटाचा होता, कुंडीचा होता. खुर्चीचा नव्हता. "सायकल म्हणून दिली तर साखळी लागेल. कपाट म्हणून दिली तर दार लागेल. कुंडी म्हणून बसते. मात्र कुंडीखाली बशी हवी."

"खुर्चीखाली बशी?"

"जमिनीला टेकणाऱ्या प्रत्येक कुंडीखाली. तुमचे पाय चार. म्हणजे चार कुंड्या, चार बश्या. आणि पाणी रोज घालायचं नाही, शेवाळ होतं."

मी घरी येऊन चार जुन्या बश्या वेगळ्या काढल्या. नोकरीत नियमांचा मान राखूनच मी इथवर आलो आहे.

एवढ्यात बातमी सगळ्या मजल्यांवर पोचली होती. जिन्यात माणसं मला वाट देऊ लागली. चौथ्या मजल्यावर कॅप्टनच्या समोर राहणाऱ्या वहिनी, ज्यांच्या पायांना सूज येते आणि ज्यांच्या कानांना कधीच काही होत नाही, त्यांनी मला थांबवून सांगितलं, "भावजी, आधी केस कापा. आणि खुर्ची मिळाली की पाण्याच्या पंपाचं बघा." मी म्हटलं, खुर्चीचा आणि पंपाचा काय संबंध? "हेच डॉक्टरही म्हणतात," त्या उसासा टाकून म्हणाल्या. दुसऱ्या गावाहून माझ्या ताईचा फोन आला. "तू कशाला त्या घाणीत उतरतोस? आपल्या घराण्यात कोणी उभं राहिलेलं नाही." मी म्हटलं, ताई, मी उभा राहत नाहीये, उलट बसायची सोय करतोय. "सगळे असंच म्हणतात," ताई म्हणाली.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मग मी भेटेल त्याला सांगत सुटलो की मला ती खुर्ची नको, ही खुर्ची हवी. पण आपल्या भाषेत एखादा माणूस 'मला खुर्चीचा मोह नाही' असं म्हणू लागला की लोक त्याच्या विजयाची तारीख विचारतात. मी जितकं नाही म्हणत गेलो तितका मला मिळणारा पाठिंबा वाढत गेला.

नेमकी त्याच आठवड्यात माझी दाढ दुखायला लागली. दातांचे डॉक्टर आमच्या इमारतीत एकच. त्यांनी मला त्यांच्या त्या मोठ्या खुर्चीत बसवलं, पाय वर केले, डोकं खाली नेलं, तोंडात कापूस आणि एक आकडा अडकवला, आणि मग स्टूल ओढून शेजारी बसले.

"ऐकतोय, तुम्हाला माझी खुर्ची हवी आहे."

"आं आं," मी म्हणालो.

"बसलाच आहात. कशी आहे?"

"आं!"

"मी रागावलेलो नाही." त्यांनी दिवा माझ्या डोळ्यांवरून बाजूला केला. "खरं सांगू? घरी मी काही बोललो की मुलगा म्हणतो, बाबा, नंतर. सून म्हणते, बाबा, जेवून घ्या. इथे पेशंट येतात, त्यांना मी बोलू देत नाही. महिन्यातून एकदा सभेत 'सर्वांनी शांत राहा' म्हटलं की वीस-पंचवीस माणसं माझ्या शब्दावर शांत राहतात. तेवढंच." त्यांनी माझ्या तोंडातला आकडा पुन्हा नीट बसवला. "पण तुम्हाला हवी असेल तर घ्या. माझंही वय झालं."

मला त्यांना सांगायचं होतं की डॉक्टर, तुमची खुर्ची तुमच्याकडेच राहू दे, मला फक्त एका बाईला उन्हात बसवायचंय. माझ्या डोळ्यांत खरोखर पाणी आलं. त्यांना वाटलं दाढ दुखतेय. त्यांनी ती काढली.

सुजलेल्या गालाने मी घरी आलो तेव्हा ही जेवणाच्या टेबलाशी बसली होती.

"तुम्ही निवडणुकीला उभे राहताय."

"न्हाई," मी गाल धरून म्हणालो.

"खालच्या वहिनींनी सांगितलं. सेक्रेटरींनी सांगितलं. केमिस्टच्या रांगेत एका अनोळखी बाईने माझं अभिनंदन केलं. तुम्ही सोडून सगळ्यांनी सांगितलं." हिचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. "लपवण्यासारखं काय होतं त्यात? हवी असेल तर घ्या ना खुर्ची. मी कशाला नको म्हणेन?"

खरं कारण जिभेच्या टोकावर आलं होतं. पण ते बोललं की खुर्चीची घोडी होणार हे मला पक्कं ठाऊक होतं. ही उठून गॅलरीत गेली आणि घोडीवरचे टॉवेल काढून घड्या घालत बसली. ते अजून ओले होते.

इथे धंद्यातली एक गोष्ट सांगितली पाहिजे. आमच्याकडे सर्वांत जास्त दावे येतात ते ओल आलेल्या भिंतींचे. ओल तीन प्रकारची. वरून झिरपते ती, खालून चढते ती, आणि कुठून येते ते कळत नाही पण भिंत आतून फुगत जाते ती. पहिल्या दोन सिद्ध करता येतात. तिसरीचा दावा आम्ही मान्य करत नाही. मी भिंतीवर हात ठेवतो, कोरडा निघतो, आणि लिहितो, 'ओल आढळली नाही.' भिंतीचा मालक म्हणतो, साहेब, आहे हो. मी म्हणतो, दाखवा. त्याला दाखवता येत नाही. त्या संध्याकाळी गॅलरीत पाठमोऱ्या बसलेल्या हिच्याकडे बघताना मला ती सगळी माणसं आठवली.

आता धीर धरवेना. एका सकाळी परवानगीची वाट न बघता मी आमच्या गॅलरीतली वेताची खुर्ची उचलली आणि वळणावर नेऊन ठेवली. चार बश्यांसकट. ही शाळेतून परत यायच्या वेळी मी पाचव्या मजल्यावरच्या कठड्याआड उभा राहिलो. ही आली. खुर्ची बघितली. पर्स या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली आणि वर चढून आली.

दुसऱ्या दिवशी कोणीतरी खुर्चीवर रद्दीचा गठ्ठा ठेवला. तिसऱ्या दिवशी तिला कोणाचा तरी कुत्रा बांधलेला होता. तो माझ्यावर भुंकला. मग तिच्यावर कागद चिकटला, 'बसू नये. विषय समितीपुढे आहे.' एका बशीत कोणीतरी पाणी घातलं होतं. शेवटी खुर्ची जप्त होऊन पंपाच्या खोलीत गेली. तोवर रोज जाता-येता ही तिच्या बाजूने गेली, एकदाही टेकली नाही. माझ्या योजनेचा दावा मी स्वतःच तपासला आणि नामंजूर केला.

सभेला मी गेलो तो हे सगळं एकदाचं संपवायला. उभा राहिलो आणि म्हणालो, "मला अध्यक्षपद नको. कधीच नको होतं. मला जिन्यात एक खुर्ची हवी होती, आता तीही नको." टाळ्या पडल्या. मला राग आला आणि रागात मी पुढे बोललो. "तुमच्यापैकी कोणी तो जिना पाहिलाय? रोज लिफ्टला शिव्या देत चढता. तिसऱ्याच्या वर एक खिडकी आहे, तिथे सकाळी ऊन येतं. दोन मिनिटं कोणी थांबलंय? आपल्या वयाला आता घाई कसली आहे? पोचायचं कुठे आहे? पाचव्या मजल्यावरच ना?"

सभा शांत झाली. डॉक्टरांनी 'शांत राहा' म्हटलेलं नसतानाही झाली. वहिनींनी डोळे टिपले. मग डॉक्टर उठले आणि गंभीरपणे म्हणाले, "जिन्याच्या दुर्दशेवर इतकं कळकळीने आजवर कोणी बोललं नाही. मी यांचं नाव सुचवतो." कॅप्टननी अनुमोदन दिलं. विरोधात एकच हात वर झाला. तो माझा होता, आणि उमेदवाराला स्वतःविरुद्ध मत देता येत नाही असं सेक्रेटरींनी चोपडीतून वाचून दाखवलं. त्याच सभेत माझ्या भाषणाचा मान राखून पहिला ठराव पास झाला. संपूर्ण जिन्याला आतून रंग.

मी फक्त एक अट घातली. सभेत 'सर्वांनी शांत राहा' हे डॉक्टरांनीच म्हणायचं. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की काढलेल्या दाढेचं दुःख मी तिथेच सोडून दिलं.

रंगाचं काम खालून सुरू झालं. देखरेखीला कॅप्टन. एका शनिवारी सकाळी ते धापा टाकत दारात आले.

"अध्यक्ष, चला. भिंत खराब केलीय कोणीतरी. पोराटोरांचं काम. रंगारी म्हणतो, वरून हात मारून टाकू?"

वळणावर रंगारी डबा उघडून उभा होता. मी भिंतीकडे पाहिलं. मला काही दिसलं नाही. "खाली, खाली," कॅप्टन म्हणाले. मी वाकलो, गुडघ्यांनी आवाज केला, आणि सरळ पायरीवर बसलो. मग दिसलं.

जमिनीपासून हातभर उंचीवर, निळ्या पेन्सिलीने काढलेले पाय होते. नुसते पाय, ओळीने जिना चढणारे. दुहेरी गाठ मारलेले कॅनव्हासचे बूट, पंजे जरा जास्तच टेचात. ते कॅप्टन. सुजलेले घोटे आणि त्यांच्यावर ताणलेला चपलेचा पट्टा. त्या वहिनी. चकचकीत काळे बूट, एका पायरीवर दोन्ही पाय जोडून थबकलेले, पुढे जावं की नाही अशा विचारात. हे वादातली खुर्ची बघायला वर आलेले डॉक्टर आहेत हे मला आधी कळलं नाही आणि कळल्यावर मला त्यांची फार दया आली. एका कुत्र्याचे चार पाय. आणि शेवटी, जिथे ऊन पडलं होतं तिथे, वेताच्या खुर्चीचे चार पाय हवेत, आणि त्यांच्या खाली एका माणसाचे दोन. एक मोजा वर ओढलेला, एक घोट्यावर गोळा झालेला. त्या पायांनी चार बश्याही सांभाळल्या होत्या, कशा ते विचारू नका, पण बश्या पडणार आणि माणूस पडणार नाही, हे त्या पायांकडे बघून कळत होतं.

माझा डावा मोजा नेहमी खाली येतो. हे जगात एकाच माणसाला माहीत आहे.

"मारू का हात?" रंगाऱ्याने विचारलं.

"थांबा," मी म्हणालो. "या भिंतीला ओल आहे."

कॅप्टन पुढे झाले. तळहात भिंतीवर ठेवला, मग उलटा हात ठेवला, मग गालसुद्धा लावून पाहिला. "कोरडी ठणठणीत आहे."

"आतून आहे."

"दिसत तर नाही."

"दिसत नसते," मी म्हणालो. "माझं सारं आयुष्य ओल तपासण्यात गेलंय, कॅप्टन. ती निघेपर्यंत या भिंतीला कोणी हात लावायचा नाही. अध्यक्षांचा हुकूम समजा."

खुर्ची माणसाला बदलते म्हणतात ते खरं असावं. हुकूम हा शब्द मी त्याआधी फक्त पत्त्यांत वापरला होता. कॅप्टननी टाचा जुळवल्या आणि ते रंगाऱ्याला घेऊन वर गेले.

मी तसाच बसून राहिलो. खालून पावलं आली. मी वर न बघता ओळखली. शनिवारी शाळा लवकर सुटते.

"ओल?" ही म्हणाली. सगळं ऐकलं होतं. "तुम्ही? लोकांच्या भिंती ढासळून पडल्या तरी तुम्हाला कधी सापडली नाही."

"आता सापडली."

"सरका जरा."

मी सरकलो. ही शेजारी बसली. ऊन आमच्या दोघांच्या गुडघ्यांवर आलं होतं.

"खुर्चीत का नाही बसलीस?" मी विचारलं.

"खुर्चीतून माणसांची तोंडं दिसतात हो. तोंडं मी शाळेत बघते. पायरीवरून पाय दिसतात." मग म्हणाली, "आणि खुर्चीत बसलं की माझीच सावली भिंतीवर पडते. तुम्ही ठेवलीत त्या दिवशीच कळलं मला, कोणासाठी ठेवलीय ते. म्हटलं, सांगतील. नाहीच सांगितलंत."

"सांगितलं असतं तर काढली असतीस चित्रं?"

हिने विचार केला. "नसती," म्हणाली.

तेवढ्यात खालून सेक्रेटरींची हाक आली. "अध्यक्ष! लिफ्टचा भाग आला! सही पाहिजे, माणूस खोळंबलाय!" मी उठायला लागलो, कारण वहिनींचे घोटे भिंतीवर समोरच दिसत होते. हिने माझ्या ढोपरावर हात ठेवला. दुसऱ्या हाताने पर्समधून पेन्सिल काढली.

"हलू नका. डावा पाय तसाच."

"लिफ्ट सुरू झाली की इथे कोण येणार?" मी विचारलं. "पाय कुठून आणणार तू?"

"तुमचे आहेत की दोन," ही म्हणाली आणि भिंतीकडे वळली.

"अध्यक्ष आहेत का वर?" सेक्रेटरी पुन्हा ओरडले.

"आत्ता जागेवर नाहीत," मी ओरडून सांगितलं. "पाच मिनिटांत येतील."

पेन्सिल भिंतीवर घासल्याचा आवाज येत होता. मग तो थांबला. ही मागे झुकली, डोळे बारीक केले, आणि माझ्या शर्टाची बाही ओढली.

"अहो, इकडे या, बघा तरी," ही म्हणाली. मी शेजारीच बसलो होतो. तरी गेलो.